करमाफीची रेषा आणि तिच्या खालचे लोक

१ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत जाहीर केले की नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागणार नाही. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे त्यांच्यासाठी ही रेषा पावणेतेरा लाखांवर गेली. तेव्हापासून 'सर्वसामान्यांना दिलासा' हे शब्द या घोषणेला चिकटले आहेत. ते कितपत खरे आहेत हे तपासायला नवी मुंबईतल्या वाशीसारखी जागा शोधून सापडणार नाही. रेल्वे स्थानकावरच्या इमारतींत संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत, सेक्टर १७ मध्ये बँका आणि सनदी लेखापालांची दुकाने आहेत, आणि तुर्भ्याच्या बाजूला कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजीपाला अशी कृषी उत्पन्न बाजार समितीची पाच मार्केटे आहेत. वर्षाला पंधरा लाख मिळवणारा आणि दीड लाखात घर चालवणारा यांच्यात इथे दोन किलोमीटरचेही अंतर नाही. दोघांनी एकच अर्थसंकल्प ऐकला. त्यातून कोणाच्या हाती किती पडले, हे साध्या गणिताने मांडता येते.

आधीच्या वर्षी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यच होता. पगारदारासाठी हा आकडा ७ लाख ७५ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ६४ हजार ५०० रुपये. ज्याचा पगार याहून कमी होता, त्याला २०२५ च्या घोषणेने एक रुपयाही दिला नाही, कारण त्याच्याकडून घेतच काही नव्हते. फायदा सुरू होतो तो या रेषेच्या वर. करपात्र उत्पन्न ८ लाख असेल तर ३० हजार वाचले, १० लाख असेल तर ५० हजार, १२ लाख असेल तर ८० हजार. पुढे १६ लाखांना ५० हजार, २० लाखांना ९० हजार, आणि २४ लाखांपासून वर सर्वांना १ लाख १० हजार. उपकर धरला तर हे आकडे थोडे वाढतात. सरळ वाचले तर यादी एवढेच सांगते, की ज्याचे उत्पन्न २४ लाख किंवा २ कोटी आहे त्याला १ लाख १० हजार आणि ज्याचे ५ लाख आहे त्याला शून्य. आता याच्या शेजारी देशाच्या कमाईचे चित्र ठेवू. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये नियमित पगारदाराची सरासरी कमाई महिन्याला २१ हजारांच्या आसपास होती आणि सुट्या मजुराची दिवसाला सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. म्हणजे भारतातला सरासरी पगारदार वर्षाला अडीच लाख मिळवतो. तो १२ लाखांच्या रेषेच्या खाली तर आहेच, पण जुन्या ७ लाखांच्या आणि मूळ ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्याही बराच खाली आहे. १२ लाख मिळवणाऱ्याचे जे ८० हजार वाचले, तेवढे कमवायला सुट्या मजुराला सुमारे १९० दिवसांचे काम लागते, आणि वर्षात तेवढे दिवस काम मिळेलच याची खात्री त्याला कोणी देत नाही.

हे एकदाच घडले असते तर सोडून देता आले असते. पण गेल्या काही वर्षांतल्या सवलती एकाच दिशेने सरकत गेल्या आहेत. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पात पीयूष गोयल यांनी ५ लाखांपर्यंत पूर्ण सवलत दिली. २०२३ मध्ये नव्या प्रणालीत ती ७ लाखांवर गेली आणि २०२५ मध्ये १२ लाखांवर. पहिल्या पायरीने लहान पगारदारांना खरोखर काही दिले. नंतरच्या प्रत्येक पायरीवर लाभार्थी आणखी वरच्या थरातला होता. २०२३ च्याच अर्थसंकल्पात ५ कोटींहून अधिक उत्पन्नावरचा अधिभार नव्या प्रणालीत ३७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला आणि सर्वोच्च प्रभावी दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर उतरला. या निर्णयाची चर्चा ७ लाखांच्या सवलतीच्या गजरात हरवून गेली. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला. त्यासाठी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडल्याचे सरकारनेच सांगितले होते.

यावर नेहमी एक उत्तर येते, की जो कर भरत नाही त्याला सवलत कशी देणार? देशात सात-आठ कोटी लोक विवरणपत्र भरतात, त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा कर शून्य असतो, मग उरलेल्या मूठभरांना दिलासा मिळाला तर इतरांनी का कुरकुरावे? प्रश्नाचा पहिला भाग बरोबर आहे. जो प्राप्तिकर भरत नाही त्याला प्राप्तिकराच्या सवलतीतून काही मिळूच शकत नाही, आणि माझे म्हणणेही तेच आहे. पण 'कर भरत नाही' हे वाक्य खोटे आहे. तो प्राप्तिकर भरत नाही, एवढेच खरे. वस्तू आणि सेवा करातून २०२४-२५ मध्ये एकूण २२ लाख कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. ती साबण, बिस्किटे, चपला, मोबाइलचे रिचार्ज आणि औषधे घेणाऱ्या प्रत्येकाने भरली, आणि त्यात उत्पन्न विचारले जात नाही. भाजी मार्केटात रात्री उतरणाऱ्या मालाचेच उदाहरण पाहा. ताज्या भाजीवर वस्तू आणि सेवा कर नाही. पण ती जुन्नर किंवा नाशिकहून येते डिझेलवर, आणि डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आहे, शिवाय राज्याचा मूल्यवर्धित कर. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत हा कर उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जास्त होता. जुलै २०२४ पासून डिझेलवरचा दर २४ वरून २१ टक्क्यांवर आणि पेट्रोलवरचा २६ वरून २५ टक्क्यांवर आला, पेट्रोलवरचा लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा वेगळा आकार मात्र राहिला. हा कर गाडीभाड्यात शिरतो, गाडीभाडे भावात शिरते, आणि टोपलीतून पाव किलो भेंडी घेणाऱ्या बाईच्या हातून तो सरकारकडे पोचतो. तिला त्याची पावती मिळत नाही, म्हणून ती करदाती नाही असे आपण मानतो. धान्याचेही तसेच. १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्याच्या आणि पिठाच्या पाकिटांवर ५ टक्के कर आला. वर्षाचे तांदूळ-गहू ३० किलोच्या गोणीत भरून ठेवण्याची ऐपत आणि जागा ज्याच्याकडे आहे तो या करातून सुटतो. रोजच्या कमाईतून पाच किलो पिठाचे पाकीट नेणारा सुटत नाही.

अप्रत्यक्ष कर खालच्या माणसाला जास्त का लागतो, याचे कारण त्याच्या खर्चाच्या रचनेत आहे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग सर्वेक्षणात शहरी भागातल्या सर्वांत गरीब ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २,३७६ रुपये निघाला आणि सर्वांत वरच्या ५ टक्क्यांचा २० हजारांहून थोडा जास्त. खालचे कुटुंब मिळेल तेवढे सगळे खर्च करते, त्यामुळे त्याच्या जवळजवळ सगळ्या कमाईला कुठे ना कुठे कर लागतो. वरचे कुटुंब बरेचसे वाचवते, गुंतवते, आणि वाचवलेल्या पैशावर वस्तू आणि सेवा कर नसतो. म्हणून रुपयांत श्रीमंत जास्त कर भरतो हे खरे असले, तरी कमाईच्या प्रमाणात पाहिले की अप्रत्यक्ष कराचे ओझे खाली झुकते. ही मांडणी मराठी वाचकाला नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच ठेवले होते, की सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमातून भरते आणि तिच्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो.

फुल्यांनंतर वीस वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात आपले पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. त्या काळी सरकारच्या तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक पडत होती आणि सरकार ती सुबत्तेची खूण म्हणून दाखवत होते. गोखल्यांनी आकडे मांडून सांगितले की दुष्काळात आणि प्लेगात सापडलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, म्हणून शिल्लक दिसते. त्यांनी मिठावरचा कर कमी करण्याची मागणी केली आणि प्राप्तिकराची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० वर नेण्याचीही. दुसऱ्या वर्षी, १९०३ मध्ये, कर्झनच्या सरकारने दोन्ही गोष्टी केल्या. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला, पुढे १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर उतरला. दर उतरला तसा मिठाचा खप वाढला. याचा अर्थ, त्याआधी लोक करामुळे मीठसुद्धा कमी खात होते. गोखल्यांनी मध्यमवर्गाची मागणी सोडली नाही, ते स्वतः त्याच वर्गातले, फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक होते. पण लहान पगारदाराला दिलासा आणि मीठ खाणाऱ्याला दिलासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी कधी झाकले नाही. आजच्या चर्चेत नेमके तेच झाकले जाते.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. तो असा, की सवलत मध्यमवर्गाला मिळाली तरी तो पैसा बाजारात येतो. घरी ८० हजार जास्त राहिले तर माणूस घर रंगवून घेतो, स्वयंपाकाला बाई ठेवतो, हॉटेलात जातो, आणि त्यातून रंगाऱ्याला, स्वयंपाकाच्या ताईंना, वेटरला काम मिळते. हे काही प्रमाणात होतेच, नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या करबदलांचा अभ्यास करून ओवेन झिडार या अर्थतज्ज्ञाने २०१९ मध्ये दाखवले, की खालच्या ९० टक्क्यांना दिलेल्या करकपातीने रोजगार वाढतो आणि वरच्या १० टक्क्यांना दिलेल्या कपातीचा परिणाम अगदी थोडा असतो. डेव्हिड होप आणि ज्युलियन लिंबर्ग यांनी १८ विकसित देशांच्या पन्नास वर्षांच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्षही जवळचाच आहे: श्रीमंतांच्या करात मोठी कपात झाली की विषमता वाढते, वाढीचा दर आणि बेरोजगारी यांत लक्षणीय फरक पडत नाही. हे देश आपल्यापेक्षा वेगळे आहेत, आणि भारतात १२ लाख मिळवणारा हा कोट्यधीश नाही, हे मान्य. पण उत्पन्नाच्या उतरंडीवर तो वरच्या दहा टक्क्यांत नक्की बसतो, आणि झिडारचा मुद्दा तिथेच लागू पडतो. कारणही समजण्यासारखे आहे. ज्याला महिन्याला २० हजार मिळतात त्याच्या हातात आणखी हजार आले तर ते महिना संपायच्या आत दुकानात जातात. ज्याला लाख मिळतात त्याचे हजार घराच्या हप्त्यात किंवा म्युच्युअल फंडात जाऊ शकतात.

शिवाय पैसा एका बाजूने येतो तसा दुसऱ्या बाजूने जातो. या सवलतीसाठी प्रत्यक्ष करातले सुमारे १ लाख कोटी रुपये सोडल्याचे सरकारने त्याच भाषणात सांगितले. २०२५-२६ मध्ये ग्रामीण रोजगार हमीची केंद्रीय तरतूद ८६ हजार कोटी होती, आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची एकूण तरतूद १ लाख कोटींच्या जरा खाली. म्हणजे एका घोषणेत सोडलेली रक्कम देशाच्या केंद्रीय आरोग्य खर्चाएवढी आहे. ती सोडली नसती तर रुग्णालयांवरच खर्च झाली असती असे नाही. पण ज्याला सवलत मिळत नाही त्याच्यासाठी सरकारी दवाखाना, महापालिकेची शाळा, स्वस्त बस याच गोष्टी मिळकतीचा भाग असतात, आणि कराचे उत्पन्न घटले की पहिली कात्री तिथे लागण्याची भीती असते. त्यातही राज्यांचा वाटा आहे. २०२५-२६ मध्ये पंधराव्या वित्त आयोगानुसार वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना जात होते आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. सोडलेली सगळी रक्कम वाटपयोग्य धरली तर त्या एका वर्षात महाराष्ट्राच्या वाट्याचे सुमारे २,६०० कोटी कमी झाले. करसवलत दिल्लीत जाहीर होते, तिची किंमत अंशतः मुंबईत चुकवली जाते.

मध्यमवर्गाने याचा राग मानू नये. वाशीत दहा लाख मिळवणारा माणूस सुखवस्तू आहे असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल. घराचा हप्ता, शाळेची फी, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी यांत त्याचा पगार संपतो. महागाई वाढते, पगार तेवढाच वाढतो, आणि खरी क्रयशक्ती तिथेच असताना माणूस वरच्या कराच्या टप्प्यात ढकलला जातो. टप्पे वेळोवेळी वर सरकवणे म्हणूनच न्याय्य आहे. माझी हरकत सवलतीला नाही, तिच्यावर लावलेल्या नावाला आहे. तिला मध्यमवर्गाची सवलत म्हणा, आणि मग गरिबांसाठी काय केले ते वेगळे सांगा. एका सवलतीच्या नावावर दोघांचा हिशेब मांडला, की खालच्या माणसाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटू लागतो आणि तो पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही.

गरिबांसाठी वेगळे केले जातेच, असे यावर सांगितले जाईल. मोफत धान्य आहे, महाराष्ट्रात लाडकी बहीण आहे. हे खरे आहे, आणि ते लहान नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली देशात सुमारे ८१ कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. लाडकी बहीण योजनेतून महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८ हजार रुपये अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाच्या कुटुंबातल्या स्त्रीच्या खात्यात थेट येतात. अशा कुटुंबासाठी ते कुठल्याही प्राप्तिकर सवलतीपेक्षा मोलाचे आहेत, आणि म्हणूनच करकपातीपेक्षा हाच मार्ग खाली पोचतो हे त्यातून सिद्ध होते. पण या योजनांच्या रेषाही पाहिल्या पाहिजेत. महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार रुपये ठरवली गेली होती, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. नवी मुंबईत एका माणसाच्या रखवालीच्या पगारानेच ती ओलांडली जाते. प्राप्तिकराची रेषा सहा वर्षांत ५ लाखांवरून १२ लाखांवर गेली. ज्या रेषांवर गरिबाचे धान्य अवलंबून आहे त्यांना महागाई लागत नाही असे आपण धरून चाललो आहोत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू आणि सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल, शाम्पू १८ टक्क्यांवरून ५ वर आले, पाकीटबंद पनीर आणि पोळी-पराठे करमुक्त झाले. ही सुधारणा प्राप्तिकराच्या सवलतीपेक्षा कितीतरी अधिक घरांत पोचते, आणि ती केल्याबद्दल सरकारला श्रेय दिले पाहिजे. तिचे मापही घेऊ. १८ वरून ५ वर आलेल्या वस्तूंवर एखादे घर महिन्याला हजार रुपये खर्च करत असेल आणि दुकानदाराने पूर्ण कपात गिऱ्हाइकाला दिली, तर महिन्याला ११० रुपये वाचतात, वर्षाला १,३२० रुपये. प्राप्तिकरातले ८० हजार आणि इथले तेराशे यांत मोठी दरी आहे, पण हे तेराशे निदान त्या घरात येतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये घरगुती गॅस सिलिंडर ५० रुपयांनी महागला, उज्ज्वला योजनेतलासुद्धा. त्याच वेळी पेट्रोल-डिझेलवरचे केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढले. पंपावरचा भाव वाढला नाही, कारण कच्चे तेल स्वस्त झाले होते. ती स्वस्ताई मात्र गिऱ्हाइकापर्यंत आली नाही.

वाशीच्या खाडीपुलाशी याचेच दुसरे रूप पाहायला मिळाले. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी दिली, त्यात वाशीचा नाकाही आला. रोज मोटारीने मुंबईला जाणाऱ्याचा फेरीमागे ४५ रुपयांचा खर्च वाचला. लोकलने जाणाऱ्याला यातून काही मिळाले नाही, आणि मार्केटातून मुंबईत माल नेणाऱ्या अवजड गाड्यांना माफी नव्हती. ज्या गाडीत माणूस एकटा बसतो तिला सूट, ज्या गाडीत हजार घरांची भाजी आहे तिला टोल. मोटारवाल्याचे ४५ रुपये खोटे नव्हते. पण जाहीर सवलत कोणाच्या दारापर्यंत जाते हे विचारायची सवय आपण ठेवली पाहिजे.

कमी कमाईच्या माणसाचा प्राप्तिकराशी एकच खरा संबंध येतो, तो कपातीचा. अनेक आस्थापना कामगाराला नोकर न म्हणता कंत्राटदार किंवा सल्लागार म्हणून नोंदवतात, मग त्याच्या पैशातून १ टक्का, काही ठिकाणी १० टक्केसुद्धा, आधीच कापले जातात. त्याचे वर्षाचे उत्पन्न करमुक्त मर्यादेत असले तर ही रक्कम परत मिळते, पण त्यासाठी पॅन, बँक खात्याची पडताळणी, विवरणपत्र आणि ते भरून देणारा कोणी लागतो. वर्षाला दोन लाख मिळवणाऱ्या माणसाचे दोन हजार असे अडकून राहतात. १२ लाखांची घोषणा त्याच्यासाठी निरर्थक आहे, पण त्याचे कापलेले पैसे विवरणपत्राशिवाय आपोआप परत करणारी सोय खरी मदत ठरेल. अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईच्या कामगाराला, त्याचा कर शून्य असला तरी, कमाईच्या प्रमाणात रोख परतावा मिळतो. प्राप्तिकराच्या यंत्रणेतून खालच्या माणसाला काही द्यायचे असेल तर त्याला असा काही मार्ग लागतो. केवळ रेषा वर नेऊन ते साधत नाही.

वाशीच्या मार्केटात कमी कमाईच्या माणसाचे आयुष्य कशाने बदलले, याचे उत्तर करात नाही, १९६९ च्या माथाडी कायद्यात आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळाची नोंदणी, ठरलेली हमाली, भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि उपचार मिळवून दिले. मजुरीवर लेव्ही बसवून तिचा भार मालकांवर टाकला. मुंबईतला घाऊक बाजार इथे आला तेव्हा कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, त्या याच कायद्याच्या आधाराने. त्याच मार्केटात लसूण निवडणाऱ्या बायका, गाळ्यांवरचे मदतनीस, कचरा उचलणारे अजून या छत्राबाहेर आहेत. त्यांना करमुक्त मर्यादेपेक्षा नोंदणी, किमान वेतनाची खरी अंमलबजावणी आणि वाशीच्या कामगार विमा रुग्णालयात चालू असलेले विभाग यांची गरज आहे.

आणि एक कर असा आहे जो ही माणसे खरोखर उत्पन्नावर भरतात, पण त्याची चर्चा कधी होत नाही. तो राज्याचा व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली तो लावला. हेतू उत्तम होता, आणि शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुरासाठी पैसे द्यायचे हा विचार आजही अभिमान वाटावा असा आहे. पण आज त्याची रचना अशी आहे: महिन्याला १० हजारांहून अधिक मिळवणाऱ्या पुरुषाच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. ज्याला महिन्याला १० लाख मिळतात त्याचेही २,५०० च, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराची कमाल मर्यादा तीच ठेवली आहे. त्यामुळे वर्षाला १२ लाख मिळवणारा केंद्राला शून्य प्राप्तिकर देतो आणि महिन्याला ११ हजारांवर काम करणारा रखवालदार राज्याला आपल्या कमाईचे जवळजवळ दोन टक्के देतो. राज्य श्रीमंतांवर हा कर वाढवू शकत नाही, पण खालच्यांवरून काढू शकते. स्त्रियांसाठी ते केलेही आहे: १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर नाही. हीच मर्यादा पुरुषांना लावायला केंद्राची परवानगी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही, एक साधे विधेयक पुरते. पुढच्या निवडणुकीत करसवलतीचे आश्वासन घेऊन कोणी दारात आले, तर वाशीतल्या मतदाराने त्याला आधी हे विचारावे, की २५ हजारांच्या आतल्या कामगाराचे हे अडीच हजार तुम्ही कधी सोडणार आहात.